लाइट गेली, टॉवर गेला, तरी खबर पोचली पाहिजे

26 जुलै 2005 च्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत 73 मिलिमीटर. शहर एकच, अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं, दोन्ही यंत्रं ठणठणीत आणि दोन्ही आकडे खरे. कुलाब्याच्या आकड्यावर विसंबून कुणी कुर्ल्याला निघालं असतं, तर कमरेएवढ्या पाण्यात सापडलं असतं. त्या प्रलयानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायला सुरुवात केली.

सह्याद्रीत ही तफावत नेहमीचीच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून जेमतेम तीस किलोमीटरवरच्या वाईत हजारही भरत नाही. राज्य सरकारच्या ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळागणिक एक, अशी दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली आहेत. पण एका मंडळात कितीतरी गावं येतात. घाटातल्या वाडीवर आभाळ फाटलेलं असताना मंडळाच्या केंद्रावर नुसती भुरभुर असू शकते.

म्हणून ग्रामपंचायती, शेतकरी उत्पादक कंपन्या, शाळा आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं आता स्वतःचे सेन्सर लावू लागली आहेत. हे चांगलंच आहे. सर्किट बोर्ड स्वस्त झाले, सोलर पॅनल तालुक्याच्या बाजारात मिळतं, प्रोग्राम लिहिणारी पोरंही गावोगाव सापडतात. घोडं अडतं ते पुढे. उद्घाटनाचे फोटो निघतात, मे महिन्यात मोबाइलवर देखणा आलेख दिसतो, आणि जुलैच्या ज्या रात्री आकडा हवा असतो नेमक्या त्याच रात्री पडद्यावर ‘ऑफलाइन’ उमटतं.

एखादा भाग बिघडला तरी उरलेलं चालू राहील, असं सेन्सरांचं जाळं पहिल्यापासून कसं बांधावं, हा या लेखाचा विषय. उदाहरण पावसाचं आणि ओढ्या-नदीच्या पातळीचं घेतलं आहे. विहिरींच्या पाणीपातळीला किंवा द्राक्षबागेत पानं किती वेळ ओली राहतात याच्या मोजणीलाही हेच सगळं लागू पडतं.

सामायिक काय, ते आधी शोधावं

जाळं भक्कम करायचं म्हणजे यंत्रं वाढवायची, असा सर्रास समज असतो. दहा सेन्सर आहेत, आणखी दहा लावू! पण त्या विसांचाही डेटा एकाच गेटवेतून (म्हणजे सेन्सरांचे संदेश गोळा करून इंटरनेटवर सोडणाऱ्या पेटीतून), एकाच सिमकार्डावरून, एकाच कंपनीच्या सर्व्हरवर जात असेल, तर ती एक गोष्ट गेली की वीसही गेले. यंत्रं किती आहेत हे मोजण्याआधी ती कशाकशावर एकत्र विसंबून आहेत ते मोजावं लागतं. सगळी मेख इथे आहे.

कोकणाने याचा अनुभव घेतलेला आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा झाडं, विजेचे खांब आणि मोबाइलची यंत्रणा एकाच दुपारी आडवी झाली. कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हाही वीज आणि फोन जोडीनेच गेले. ‘एका कंपनीची रेंज गेली तर दुसरीचं सिम आहे’ हा हिशेब अशा वेळी कोलमडतो, कारण दोन कंपन्यांचे अँटेना पुष्कळदा एकाच टॉवरवर असतात. टॉवर वेगळे असले तरी वीज एकाच फीडरवरून येते, आणि रस्ता बंद झाला की जनरेटरचं डिझेल दोन्हीकडे संपतं.

सिक्कीमचं उदाहरण तर जिव्हारी लागणारं आहे. दक्षिण ल्होनाक या हिमसरोवरावर नजर ठेवण्यासाठी सप्टेंबर 2023 मध्ये कॅमेरा आणि हवामानाची उपकरणं बसवली गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस तिथला वीजपुरवठा खंडित झाला. 3 ऑक्टोबरच्या रात्री सरोवर फुटलं आणि तीस्तेच्या लोंढ्याने चुंगथांगचं धरण वाहून नेलं. ठिकाण अचूक निवडलेलं होतं. त्याची जागा घेणारं दुसरं ठाणं मात्र नव्हतं.

यावरचा पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. एका मोठ्या कागदावर तक्ता आखावा. प्रत्येक नोडला, म्हणजे सेन्सर किंवा रेडिओ असलेल्या प्रत्येक पेटीला, एक ओळ. आणि रकाने असे: वीज कुठून, बॅटरी कुठल्या प्रकारची, संदेश कोणत्या गेटवेकडे, इंटरनेट कोणाचं, सर्व्हर कुठे, प्रोग्रामची आवृत्ती कोणती, पासवर्ड कोणाला माहीत, पावसात तिथवर जायची वाट कोणती. ज्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नोंद येते, तिथे जाळं तुटणार. ‘पासवर्ड कोणाला माहीत’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच नाव निघतं आणि तो मुलगा पुण्याला नोकरीला गेलेला असतो.

दोन वाटा हव्यात, आणि खरोखरच वेगळ्या

हा विचार साठ वर्षांपूर्वीचा आहे. अमेरिकेतल्या रँड या संस्थेत काम करणाऱ्या पॉल बॅरन यांनी 1964 मध्ये संदेशवहनावरचे आपले अहवाल प्रसिद्ध केले. अणुहल्ल्यात अर्धीअधिक केंद्रं उद्ध्वस्त झाली तरी उरलेल्यांना आपापसात बोलता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. सगळ्या तारा एका केंद्राकडे नेणारी रचना त्यांनी मोडीत काढली आणि प्रत्येक ठाण्याला आजूबाजूच्या अनेक ठाण्यांशी जोडणारी जाळीदार रचना सुचवली. सगळ्यांना जोडायला किमान लागतात त्याच्या तिप्पट-चौपट जोडण्या असल्या, तर मोठा विध्वंस होऊनही जाळं बऱ्यापैकी एकसंध राहतं, असं त्यांच्या गणितातून निघालं.

गावासाठी याचा सोपा अर्थ: प्रत्येक नोडला किमान दोन, जमल्यास तीन शेजाऱ्यांचा आवाज ऐकू आला पाहिजे. नकाशावर नोड मांडावेत, ज्यांना एकमेकांचे संदेश मिळतात त्यांच्यामध्ये रेघा ओढाव्यात आणि मग एकेका नोडवर बोट ठेवून विचारावं, हा गेला तर कोण एकटं पडतं? ज्या नोडवर बोट ठेवताच नकाशाचे दोन तुकडे होतात, तिथे संदेश पुढे देणारा आणखी एक नोड, म्हणजे रिपीटर, लावायचा. मात्र त्याच खांबावर नाही. समोरच्या डोंगरावर.

थोडा हिशेब मांडला की याचं महत्त्व कळतं. समजा, प्रत्येक टप्पा 95 टक्के भरवशाचा आहे. असे चार टप्पे एकामागे एक असतील तर संदेश शेवटपर्यंत पोचण्याची शक्यता 81 टक्क्यांवर येते. अशाच दोन स्वतंत्र वाटा असल्या तर ती 96 टक्क्यांच्या वर जाते. पण दोन्ही वाटा शेवटी 90 टक्के भरवशाच्या एकाच गेटवेत शिरत असतील, तर सगळा खटाटोप 87 टक्क्यांवर येऊन थांबतो. रिपीटरवर खर्च केलेले पैसे गेटवे गिळून टाकतो.

मुन्नारमध्ये हा प्रश्न कसा सोडवला गेला तेही पाहण्यासारखं आहे. केरळातल्या अमृता विद्यापीठाने 2008 च्या सुमारास तिथल्या अँथनियार कॉलनीच्या उतारावर दरडींची पूर्वसूचना देणारं बिनतारी जाळं उभारलं. जमिनीत खोल भोकं पाडून त्यांत मातीतल्या पाण्याचा दाब, उताराची हालचाल आणि कंपनं टिपणारे सेन्सर सोडले. तिथला डेटा उपग्रहामार्गे विद्यापीठाकडे जातो. तो दुवा तुटला तर ब्रॉडबँड आणि मोबाइलचा पर्याय तयार ठेवलेला असतो. हे पर्याय वेगवेगळ्या जातीचे आहेत, म्हणून त्यांना पर्याय म्हणायचं. गावपातळीवर मात्र उपग्रहाच्या वाटेला जाताना जपून: परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं भारतात बेकायदा आहे.

लोरा: गेटवे की मेश?

गावच्या जाळ्यासाठी सध्या सर्वांत सोयीचं रेडिओ तंत्र म्हणजे लोरा. वेग अगदी कमी, पण बॅटरी कमी खातं आणि मोकळ्या नजरेच्या टप्प्यात दहा किलोमीटरपर्यंत सहज पोचतं. मधे डोंगराची सोंड आली की तेच अंतर एका किलोमीटरवर येतं, त्यामुळे जागा निवडताना नकाशापेक्षा प्रत्यक्ष चालून घेतलेली चाचणी मोलाची. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. अमेरिकेसाठी बनवलेलं 915 मेगाहर्ट्झचं यंत्र स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये.

रचना दोन प्रकारची. पहिल्या, म्हणजे लोरावॅनच्या रचनेत प्रत्येक नोड थेट गेटवेशी बोलतो. तिचा एक मोठा गुण पुष्कळांना ठाऊक नसतो: नोड कुठल्याही एका गेटवेला बांधलेला नसतो. त्याची हाक टप्प्यातल्या सगळ्या गेटवेंना ऐकू जाते आणि एकाच संदेशाच्या दोन प्रती आल्या तर सर्व्हर जादाची प्रत टाकून देतो. म्हणजे दुसरा गेटवे लावायला नोडमध्ये काहीच बदलावं लागत नाही. एक गेटवे ग्रामपंचायतीवर आणि एक पलीकडच्या गावच्या शाळेवर, दोघांची वीज आणि इंटरनेट वेगळं, एवढं केलं तरी जाळ्याचा निम्मा धोका टळतो. सर्व्हरही गावातच ठेवता येतो. चर्पस्टॅकसारखं मुक्त सॉफ्टवेअर रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर चालतं, आणि मग इंटरनेट तुटलं तरी गावातल्या गावात आकडे दिसत राहतात.

दुसरी रचना मेशची. तिच्यात नोडच एकमेकांचे संदेश पुढे देतात, स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे जातात तशी. मेशटॅस्टिक हा 2020 मध्ये सुरू झालेला मुक्त प्रकल्प याच पद्धतीचा. गेटवेच नसला तरी नोड आपापसात बोलतात, हे तिचं बळ. पण हातोहात द्यायलाही मर्यादा असते. मेशटॅस्टिकमध्ये संदेश मुळात तीन टप्प्यांपर्यंत जातो आणि फार तर सात टप्प्यांपर्यंत नेता येतो, कारण प्रत्येक जण प्रत्येक संदेश पुढे ओरडत सुटला तर हवेत गोंगाट माजतो. शिवाय लांब पल्ल्याच्या सेटिंगवर लोराच्या एका छोट्या संदेशालाही एका सेकंदाहून जास्त वेळ लागतो.

यातून एक खोच निघते. अतिवृष्टीत सगळे सेन्सर एकदमच बोलू लागतात, म्हणजे जाळ्यावर सर्वांत जास्त भार नेमका आणीबाणीच्या क्षणी येतो. म्हणून नोडने ठोक्याला संदेश पाठवू नये. दर वेळी थोडा यादृच्छिक उशीर ठेवावा. संदेश आखूड असावा आणि पोच मिळाली नाही तर तोच पुन्हा पाठवण्याआधी थांबण्याचा वेळ वाढवत न्यावा. डोंगराळ मुलखात दोन्ही रचनांची सांगड उत्तम चालते: जिथे नजर पोचते तिथे गेटवे, घळीतल्या वाड्यांसाठी एक-दोन रिपीटर.

आषाढातलं ऊन गृहीत धरू नये

बॅटरीचा हिशेब मार्चच्या उन्हात केला की जुलैत फसतो. नुसता मोजून पाठवणारा नोड बहुतेक वेळ झोपलेला असतो. त्याचा सरासरी वापर 0.1 मिलिअँपिअर धरला, तर 3000 मिलिअँपिअर-तासांचा एक सेल कागदावर तीन वर्षं पुरतो. रिपीटरला मात्र चोवीस तास कान उघडे ठेवावे लागतात. त्याचा वापर 15 मिलिअँपिअर धरला तर तोच सेल आठ दिवसांत संपतो. दोघांना एकाच मापाची बॅटरी देणं ही पहिल्यांदा जाळं उभारणाऱ्यांकडून हमखास होणारी गफलत.

रिपीटर आणि गेटवे दहा दिवस अजिबात ऊन न मिळता चालले पाहिजेत, असं धरून बॅटरी घ्यावी. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी उन्हाळ्यात बंद पेटीतल्या उष्णतेला जास्त चांगली टिकते. पॅनल थोडं तिरपं बसवावं, म्हणजे पावसाने धुतलं जातं. श्रावणापर्यंत वेल त्यावर चढतो, तो काढण्याची जबाबदारी कोणावर तरी हवी. विजेचा बोर्ड, तारा आणि अँटेना यांना अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर हवेतच. वळवाच्या एका विजेत सगळा हंगाम जाऊ शकतो.

पेटीबद्दल थोडक्यात. वायर पेटीत नेहमी खालच्या बाजूने शिरावी आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाला गळून पडतं. आत सिलिका जेलची पुडी. आणि प्रत्येक पेटीत आर्द्रतेचा एक स्वस्त सेन्सर, पेटीच्याच पोटातली हवा मोजायला. अमेरिकेत मेन राज्याच्या ग्रेट डक बेटावर 2002 मध्ये समुद्रपक्ष्यांच्या बिळांत सेन्सर ठेवले गेले, तेव्हा असं दिसून आलं की आर्द्रतेचे आकडे विचित्र येऊ लागले की तो नोड लवकरच मान टाकतो. आत पाणी शिरल्याची ती खूण होती. सेन्सर मरण्याआधी सांगतो. ऐकणारं कुणी हवं.

नोडने स्वतःपुरता विचार करावा

संपर्क तुटलेला नोड निकामी होता कामा नये. यासाठी त्याला तीन गोष्टी द्याव्यात. पहिली स्मरण: प्रत्येक नोंद आधी स्वतःच्या मेमरीत लिहावी, मग पाठवावी, जाळं परत जुळलं की राहिलेल्या नोंदी क्रमाने पुढे ढकलाव्यात. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक असला की मधल्या किती गळाल्या ते लगेच कळतं. दुसरी वेळ: डीएस3231 सारखं, नाण्याएवढ्या सेलवर चालणारं घड्याळ नोडवर असावं, म्हणजे इंटरनेटविनाही नोंदीची वेळ बरोबर पडते. तिसरी निर्णयशक्ती: धोक्याची पातळी ओलांडली आहे हे ठरवायला मुंबईतल्या किंवा सिंगापूरच्या सर्व्हरला विचारायची गरज पडू नये.

साकवाच्या खांबावर तीन उंचींवर तीन फ्लोट स्विच बसवावेत, पाण्याच्या टाकीत असतात तसलेच. पहिल्याला दिवा लागतो, दुसऱ्याला संदेश जातो, तिसऱ्याला बॅटरीवरचा भोंगा थेट वाजतो. मधे प्रोग्राम नाही, रेडिओ नाही. बाकीचं सगळं जाळं झोपलं तरी पलीकडच्या वाडीला कळतं की आता साकव ओलांडायचा नाही.

शून्य आणि शांतता यांत फरक करावा

स्वयंचलित पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली एक तराजूसारखी डोलणारी दुहेरी पळी असते. ठरावीक पाणी साठलं की ती एका बाजूला कलंडते आणि चुंबकाने एक टिचकी नोंदली जाते. आता नरसाळ्यात पानं अडकली, कोळ्याने जाळं विणलं किंवा कुंभारमाशीने भोकात घर केलं, तर पळी हलत नाही. नोड इमानदारीने कळवतो: पाऊस शून्य. बाहेर धो धो कोसळत असतो. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा हे यंत्र जास्त घातक, कारण त्याच्यावर विश्वास ठेवला जातो.

म्हणून दर तासाला, पाऊस असो वा नसो, नोडने ‘मी आहे’ असा एक संदेश पाठवावा. त्यात बॅटरीचा दाब आणि पेटीतली आर्द्रता असावी. असे तीन संदेश ओळीने चुकले की पडद्यावर त्या जागी ‘माहिती नाही’ असं ठळक दिसलं पाहिजे. शेवटचा जुना आकडा तसाच ठेवणं किंवा शून्य दाखवणं, दोन्ही दिशाभूल करतात. आणि चारही शेजारी पाऊस दाखवत असताना एक जण शून्य सांगत असेल, तर प्रोग्रामने त्याच्यावर संशयाची खूण करावी.

तपासणीची रीत सोपी आहे. नरसाळ्याचा व्यास 200 मिलिमीटर आणि एका टिचकीला 0.2 मिलिमीटर पाऊस असेल, तर एका टिचकीला सुमारे 6.28 मिलिलिटर पाणी लागतं. मोजपात्राने 628 मिलिलिटर पाणी घ्यावं, सलाइनच्या नळीने थेंब थेंब अर्ध्या तासात सोडावं आणि टिचक्या मोजाव्यात. शंभराच्या आसपास आल्या तर यंत्र ठीक. पाणी भसकन ओतू नये; पळी कलंडताना काही पाणी वाया जातं आणि टिचक्या कमी भरतात. मुसळधार पावसात हीच चूक यंत्राकडून आपोआप होते, म्हणून शेजारी एक साधा हाताने मोजायचा पर्जन्यमापक कायम ठेवावा.

नदीच्या पातळीसाठी एका जागी तीन सेन्सर ठेवणं परवडत असेल तर ते वेगवेगळ्या तत्त्वांचे असावेत: वरून मोजणारा अल्ट्रासॉनिक, पाण्यात बुडवलेला दाबाचा, आणि फ्लोट. गाळ आला की दाबाचा फसेल, पण अल्ट्रासॉनिक सुटेल. त्याच्या तोंडावर कोळिष्टक धरलं तर फ्लोट सांगेल. तिघांचे आकडे आले की सरासरी काढू नये, मधला घ्यावा. 142, 145 आणि 900 सेंटिमीटर असे आकडे आले, तर सरासरी 396 निघते आणि गावभर पळापळ होते. मधला आकडा 145 आहे, आणि तोच खरा.

प्रोग्राम बदलताना घाई नको

आजवरच्या जाळ्यांचे मोठे घात पावसाने किंवा वादळाने केले, तितकेच सॉफ्टवेअरनेही केले आहेत. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मध्ये बटाट्याच्या शेतात करप्याचा अंदाज घेण्यासाठी सुमारे शंभर नोड लावले. प्रोग्राम बदलताना झालेल्या घोळात बॅटऱ्या थोड्याच दिवसांत उतरल्या, इतरही अडचणी आल्या, आणि अपेक्षित डेटापैकी अवघा 2 टक्के हाती लागला. त्याच वर्षी इक्वाडोरमधल्या रेव्हेन्तादोर या जागत्या ज्वालामुखीवर हार्वर्डच्या गटाने 16 नोड 19 दिवस चालवले. नोड दणकट निघाले. पण दूरस्थ पद्धतीने प्रोग्राम बदलायच्या सोयीतल्या एका दोषाने सगळे नोड एकदमच तीन दिवस बंद पडले आणि एकेक नोड हाताने दुरुस्त करावा लागला. एरवी तिथे सर्वांत कच्चा दुवा ठरला तो पायथ्याच्या ठाण्याचा वीजपुरवठा.

यावरून घ्यायचे धडे: नवा प्रोग्राम आधी एकाच, हाताशी असलेल्या नोडवर घालून आठवडाभर पाहावा. सगळे नोड एकाच दिवशी बदलू नयेत. पावसाळ्यात तर अजिबात बदलू नयेत. नोड अडकून पडला तर त्याला आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग चालू ठेवावा, आणि नवा प्रोग्राम बिघडला तर जुन्यावर परतण्याची सोय असावी.

विकत घेतलेल्या यंत्रणेबाबत विक्रेत्याला सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. तुमचा सर्व्हर बंद पडला तर सेन्सर चालतील का? डेटा आम्हाला आमच्या संगणकावर थेट मिळेल का? सुटे भाग दुसऱ्या कुणाचे बसतील का? वर्गणी थांबवली तर काय चालू राहील? अमेरिकेत घरगुती स्वयंचलनाची उपकरणं विकणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल 2022 मध्ये काहीही न कळवता बंद झाले आणि ग्राहकांच्या घरातल्या धडधाकट यंत्रांचा संपर्क एका रात्रीत तुटला. उत्तरं तोंडी असतील तर ती करारात लिहून घ्यावीत.

माणूसही जाळ्याचाच भाग

वायनाडमध्ये कल्पेट्टाच्या ह्यूम सेंटर फॉर इकॉलॉजी अँड वाइल्डलाइफ बायॉलॉजी या संस्थेने दोनशेहून अधिक साध्या पर्जन्यमापकांचं जाळं विणलं आहे. शेतकरी, मळ्यांतले लोक, गावकरी रोज सकाळी पाऊस मोजून कळवतात. जुलै 2024 च्या अखेरीस पुत्तुमला इथे 48 तासांत 572 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्यावरून संस्थेने 29 तारखेला जिल्हा प्रशासनाला दरडीच्या धोक्याचा इशारा कळवला. 30 च्या पहाटे मुंडक्कै-चूरलमला परिसरावर डोंगर कोसळला आणि शेकडो माणसं दगावली.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. माणसांचं विखुरलेलं जाळं महागड्या यंत्रणेइतकंच नेमकं काम करू शकतं, ही एक. आकडा मिळणं आणि वाडी रिकामी होणं यांच्या मधला दुवा इतर दुव्यांइतकाच काळजीपूर्वक बांधावा लागतो, ही दुसरी. किती मिलिमीटरला कोणी कोणाला फोन करायचा, फोन लागला नाही तर कोणी कोणाच्या घरी धावत जायचं, माणसं कुठल्या शाळेत न्यायची, हे जून उजाडण्याआधी ग्रामसभेत ठरवून, पोलीस पाटील आणि तलाठ्यांना सांगून, फलकावर लिहिलेलं असावं. त्याच फलकावर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक असावा. अधिकृत इशारा द्यायचा तो प्रशासनानेच; गावच्या जाळ्याने आपला आकडा तिथवर वेळेत पोचवायचा.

प्रत्येक नोडला दोन पालक नेमावेत, एकाच घरातले नकोत. शाळेच्या कपाटात दहा नोडांमागे दोन तयार, चार्ज केलेले नोड ठेवावेत. पावसात खांबावर बसून सोल्डरिंग करायचं नसतं, जुना काढून नवा लावायचा आणि दुरुस्ती घरी करायची. कपाटाची किल्ली अर्थातच दोघांकडे. आणि एक वही: तारीख, काय बिघडलं, कोणी काय केलं. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारच्या गावकऱ्यांनी पावसाच्या नोंदी ठेवून वर्षानुवर्षं पाण्याचा ताळेबंद मांडला, तो अशाच नेमाच्या नोंदींच्या जोरावर.

मेअखेरीची तालीम

सगळं बसवून झालं की ते मुद्दाम मोडून पाहावं. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दिवशी पहिल्या गेटवेचा प्लग काढावा. आकडे दुसऱ्या वाटेने येतात का ते बघावं. दुसऱ्या दिवशी गावाचं इंटरनेट बंद करावं. भोंगा वाजतो का, नोंदी साठतात का ते पाहावं. तिसऱ्या दिवशी, कोणालाही न सांगता, मधल्या एका रिपीटरची बॅटरी काढून ठेवावी आणि हे कोणाच्या लक्षात किती वेळाने येतं ते घड्याळ लावून मोजावं. दोन तासांत आलं तर ठीक. दोन दिवस लागले तर यंत्रणेत नाही, पाहण्याच्या सवयीत खोट आहे.

आणि ज्या गावाकडे आज काहीच नाही, त्याने खरेदीचा क्रम असा ठेवावा. या पावसाळ्यात फक्त पाच साधे पर्जन्यमापक, पाच वाड्यांत, पाच वह्यांसह. सोबत पुलाच्या खांबावर ऑइलपेंटने रंगवलेल्या पातळीच्या खुणा. पुढच्या वर्षी साकवावरचे फ्लोट स्विच आणि भोंगा. तिसऱ्या वर्षी लोराचे नोड, आणि ते घेताना पहिल्याच ऑर्डरमध्ये दोन गेटवे. निधी कमी पडला तर नोडांची संख्या कमी करावी, दुसरा गेटवे रद्द करू नये.